मरळ कुठं घावते

मरळ कुठं घावते, हे आमच्याकडं कोणी सरळ सांगत नाही. ऊस किती टन निघाला, पोरीचं कुठं जमवलं, डोक्यावर कर्ज किती, सगळं सांगतील. पण मरळीची जागा विचारली की माणूस तंबाखू मळायला लागतो आणि आभाळाकडं बघतो. माझी आता साठी उलटली. गळाला तंगूस ओवायला नातवाला हाक मारावी लागते. म्हणून म्हटलं, आपल्यापाशी आहे ते सांगून टाकावं.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. आज तिथं नदी नाही, उजनी धरणाचं पाणी आहे. पलीकडचा काठ धुक्यात दिसतही नाही. पण मी पोरगा होतो तेव्हा ती नदी होती. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, आम्ही चड्डी वर करून पलीकडं जायचो. बहात्तरच्या दुष्काळात तर वाळूत झिरे खणून पाणी भरलेलं मला चांगलं आठवतं. तेव्हासुद्धा डोहात पाणी असायचं आणि डोहात मासे असायचे.

नदीत ज्याची त्याची जागा ठरलेली होती. वाम खडकाच्या कपारीत, दिवसा दडून बसणार आणि रात्री बाहेर पडणार. शिंगाडा खोल डोहाच्या तळाला. खडशीला खळाळतं, दगडगोट्यांचं पाणी लागतं. नवं पाणी आलं की ती धारेच्या उलटी वर चढायची. मरळीचं मात्र वेगळं. तिला संथ पाणी आणि आडोसा पाहिजे. लव्हाळ्यात, पाण्यात वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांत ती काठीसारखी निपचित पडून राहते. ती भक्ष्यामागं पळत नाही. बेडकी टप्प्यात आली की एकदाच झेप घेते. काहींच्या शेपटीजवळ डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. ती जात मोठी होते. माणसाच्या मांडीएवढी मी बघितली आहे.

हे सगळं मला शिकवलं ते गावातल्या भोई तात्यांनी. ते म्हणायचे, "पोरा, पान्यात बघू नगं, पान्याच्या वर बघ. मरळीला वरची हवा लागती. कितीबी शानी असली तरी दम घ्यायला ती येतीच." आणि खरंच, तास-अर्धा तास गप बसलं की लव्हाळ्याच्या कडेला 'भुळुक' व्हायचं, पाण्यावर एक गोल कडं उमटायचं. तिथून दोन हात पुढं गळ टाकायचा. गळाला जिती बेडकी, तंगुसाला जोंधळ्याच्या ताटाचा तुकडा तरंगायला. बास, एवढंच सामान.

१९८० साली धरण झालं. मी दहावी होऊन शेतीला लागलो होतो. आमचं अकरा एकर काळं रान, घर, बांधीव विहीर, चार आंबे पाण्यात गेले. गाव वर माळावर आलं. त्याचं रडगाणं मी इथं गात नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आमची जमीन गेली तशी भोई तात्यांची नदीही गेली. लोक म्हणायचे, भोयांचं काय बुडालं? उलट पाणी वाढलं, मासे वाढले. पण तात्यांना पाठ होते ते सगळे डोह, सगळ्या कपारी चाळीस-पन्नास फूट पाण्याखाली गेल्या. वर नुसतं सपाट पाणी. त्यात खुणेला एक दगड नाही. पहिली दोन वर्षं त्यांच्या हाताला धड काही लागलं नाही.

एका सकाळी ते नव्या गावठाणात आमच्या घरी आले. जुन्या घरी ते कधी ओट्याच्या वर आले नव्हते. त्या दिवशीही खालीच उभे राहिले आणि दादांना म्हणाले, "पाटील, तुमची हीर नेमकी कुठं हुती?"

दादा जरा वेळ बोललेच नाहीत. त्यांना वाटलं, हा जुनं दुखणं कशाला उकरतोय. मग तात्यांनी समजावलं. नदीचे मासे आता रानात आलेत. त्यांना आडोसा पाहिजे. तो डोहात नाही राहिला, तो तुमच्या बांधाला, विहिरीच्या कठड्याला, पडक्या भिंतींना आहे. नदी मला माहीत, पण रान तुम्हाला माहीत.

दादांनी तात्यांना हाताला धरून ओट्यावर घेतलं. मग दोघं उकिडवे बसले आणि दादांनी काडीनं धुळीत आमचं रान काढलं. ही विहीर, हा मोटेचा धावा, ही बाभळींची रांग, इथं ओढा मिळतो, इथं गावकूस. धरण भरल्यापासून दादा रानाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी दुपारपर्यंत बोलत होते. संध्याकाळी तात्यांनी बाभळींच्या रांगेवर गळ लावला आणि पहाटे दोन मरळी घेऊन आले. एक आम्हाला दिली. आईनं कालवण केलं. आमच्या बुडालेल्या रानाचं ते पहिलं पीक.

तर आता जागा सांगतो. धरण भरलेलं असतं तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या आसपास, मरळ अगदी काठाला असते. पाणी चढलेल्या झुडपांत आणि ओढ्याच्या तोंडाला बघावं. माघ-फाल्गुनात पाणी हटायला लागलं की ती जुने बांध आणि बाभळींची खोडं धरते. वैशाखात पडक्या भिंती आणि विहिरी. धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा आहे. त्यामुळं पेपरात "उजनी शून्यावर" असं छापून येतं तेव्हाही जुनी नदी पाण्याखालीच असते. उघडी पडतात ती आमची रानं आणि देवळं. पळसदेवचं जुनं देऊळ तेव्हा वर येतं आणि पुण्याची माणसं फोटो काढायला येतात. त्याच दिवसांत आमच्या विहिरीचा कठडाही वर येतो. पाणी हटताना मरळ आत अडकते. कठड्यावर बसलं की खाली 'भुळुक' ऐकू येतं.

आता मासाही बदलला. भिगवणच्या बाजारात ढीग दिसतो तो चिलापीचा. ती इथली नाही, परदेशातून आणलेली. खडशी मी कित्येक वर्षांत बघितली नाही. वर ठिकठिकाणी बंधारे झाले, ती चढणार कुठून? उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास मारतं, पुण्याकडची घाण सगळी इकडंच येते. मरळ तगली ती वरची हवा घेते म्हणून. पण बारीक डोळ्याच्या जाळ्यांपुढं तिचंही काही चालत नाही.

तात्या गेले, दादा गेले. तात्यांची पोरं होडीत मोबाईलवर जागा बघतात. पण बाभळींची रांग कुठं होती हे मोबाईलला माहीत नाही. त्यासाठी ती अजून माझ्याकडं येतात आणि ओट्यावर बसतात. मी सांगतो, आणि नातवालाही शेजारी बसवून घेतो.

एवढं सांगितलं, तर एक अटही सांगतो, ती तात्यांची आहे. पावसाळ्यात कधी काठाच्या पाण्यात लालसर ठिपक्यांचा घोळका वरखाली होताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. खाली आईबाप राखण करत असतात आणि त्या दिवसांत ते कशावरही झेप घेतात. गळ टाकला तर हमखास घावतील. तिथं टाकायचा नाही.