गुडघ्यांचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'घसारा' हा शब्द नवा नाही. यंत्र वापरले की झिजते आणि ती झीज दरवर्षी हिशेबात दाखवावी लागते. माणसाच्या सांध्यांचा घसारा कोणत्या वहीत लिहायचा, हे मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही.

माझी आई बेळगावातल्या एका खानावळीत भाकऱ्या भाजते. रोज सात-आठ तास, उभ्याने. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे दुखू लागले. एका दवाखान्यात तिला टेबलावर निजवून एक्स-रे काढला आणि 'काही विशेष नाही' असा निर्वाळा मिळाला. तेव्हापासून तिचे दुखणे खानावळीत चेष्टेचा विषय झाले.

यंदा दुसऱ्या डॉक्टरांनी उभ्याने एक्स-रे काढायला सांगितला. "एरडू कालिगू भार हाकि निंद्री," तिथला माणूस म्हणाला. मी आईला मराठीत सांगू लागले. पण 'भार' दोन्ही भाषांत एकच. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ती आधीच उभी राहिली होती.

या फोटोत गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली दिसली. डॉक्टरांनी समजावले : कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, दोन हाडांमधल्या फटीवरून तिचा अंदाज करायचा. निजलेल्या माणसाच्या गुडघ्यावर अंगाचा भार नसतो, म्हणून फट पुरेशी वाटू शकते. उभे राहिले की हाडे जवळ येतात आणि झीज उघडी पडते. स्वीडनच्या आल्बेक यांनी १९६८ मध्येच उभ्याने काढलेल्या फोटोंवर भर दिला होता. १९८८ मध्ये अमेरिकेत रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उभ्यानेच, पण गुडघे ४५ अंशांत वाकवून फोटो घेण्याची पद्धत मांडली.

रिकामा तराजू नेहमीच समतोल दिसतो, वाचकहो!

तरीही फोटो म्हणजे सर्वस्व नव्हे. फट मिटूनही काहीजण फारशा त्रासाविना चालतात; काहींचा फोटो चांगला असतो, पण वेदना खरी असते. तेव्हा आईला हसणाऱ्यांना दुसऱ्या फोटोची गरज पडायला नको होती.

आता आई मांड्यांचे व्यायाम करते, भट्टीजवळ उंच स्टुलावर बसते. भाकऱ्यांची संख्या तेवढीच आहे. घसारा वहीत मांडला गेला. भार अजून उतरायचा आहे. माझ्या पदवीला एक वर्ष उरले आहे, आणि ते मी आईच्या गुडघ्यांवर मोजते.