राखाडी खिडकी

दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही गोत्रीच्या बाजूस सहाव्या मजल्यावर राहावयास आलो, तेव्हा आई म्हणाली होती, ‘इथे दिसतं सगळं, पण ऐकू काही येत नाही.’ आम्ही ती तक्रार समजलो आणि हसण्यावारी नेली.

तिच्या पश्चात, गेल्या पावसाळ्यात, गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा अवघ्या 15 मिनिटांचा चित्रपट पाहण्यात आला. 2006 साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो गौरविला गेला होता. आम्हांस मात्र इतक्या उशिरा भेटला. अॅनिमेशन म्हणजे मुलांची करमणूक, हा आमचा जुना (आणि काहीसा आळशी) समज. येथे एक वृद्धा, तिचे मांजर आणि उंच इमारतीतील घर, एवढेच. शहर सारे राखाडी. ती काड्यापेटीवरील चित्रात शिरली, की मात्र रंगच रंग. कॅमेऱ्यापुढे शहर आपले रंग घेऊनच येते. हाताने रंगविणाऱ्यास मात्र प्रत्येक चौकटीत रंग द्यावा की रोखावा, हे ठरवावे लागते. म्हणून ती राखाडी छटा भिंतींची वाटत नाही. त्या बाईच्या दिवसांची वाटते.

मग त्यांचाच 2019 चा ‘बॉम्बे रोज’ मिळवून पाहिला. त्यात शर्ली डिसूझा ही वृद्धा रस्त्याने चालू लागते, तशा आजच्या इमारती मावळून जुनी मुंबई कृष्णधवल होऊन उभी राहते. येथे रंग आजच्या शहराला, आणि गतकाळ बिनरंगी!

आम्ही थबकलो. आम्ही बडोदेकर जुने दिवस नेहमी रंगीतच सांगतो: सयाजीरावांचे शहर, सुरसागराची संध्याकाळ, वाड्यातला गणपती. आई यांतले फारसे काही सांगत नसे. वाड्याच्या स्वयंपाकघरास खिडकी नव्हती, हे आम्हांस तेव्हा, पडद्यासमोर बसल्या बसल्या आठवले. तिथे तिची चाळीसहून अधिक वर्षे गेली. ‘दिसतं सगळं’ हे शब्द तिने कोणत्या स्वरात उच्चारले होते, ते आता कितीही आठवू म्हटले तरी आठवत नाही.

खुर्ची अजून खिडकीशीच आहे. भाजीची लारी किती वाजता कोणत्या फाटकाशी थांबते, हे तिला ठाऊक असे. आम्ही परवा प्रथमच पाहिले: सव्वादहा, समोरचे निळे फाटक.