हौद आधी, ग्रंथ नंतर

पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, दुकानं आणि दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत गेलं की फुले वाडा येतो. वाडा म्हटल्यावर आम्हा नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरकडच्या माणसांपुढे जाड भिंती आणि दिंडी दरवाजा उभा राहतो. इथे तर ठेंगणं, कौलारू घर. लाकडी खांब, लहान खोल्या, भिंतींवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले रंगवलेले प्रसंग. आवारात तुळशीवृंदावन, तीच जोतीरावांची समाधी.

माझ्या डोक्यात ‘गुलामगिरी’ होतं. 1873 सालचं हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, कारण त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. तिथे कायद्याने गुलामी संपली 1865 साली. त्यानंतर आठच वर्षांत पुण्यातला एक माळी त्या अनोळखी लोकांची वाहवा करतो आणि आपल्या देशबांधवांनीही हाच कित्ता गिरवावा, असं लिहितो. ज्या काळी समुद्र ओलांडला तर जात जाई, त्या काळी याची नजर मात्र थेट समुद्रापार पोचलेली.

पण लांबच्या अन्यायाबद्दल हळहळायला खिशातलं काही जात नाही. पेपर वाचायचा, ‘फार वाईट’ म्हणायचं आणि चहा मागवायचा. जोतीरावांच्या शब्दाला वजन कुठून आलं, ते या आवारात उभं राहिल्यावर उमगतं. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला. ग्रंथ आला त्यानंतर पाच वर्षांनी. मुलींची शाळा तर त्याच्याही कितीतरी आधीची, 1848 सालची. तिच्यापायी त्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. म्हणजे अमेरिकेला शाबासकी देण्याआधी या माणसाने स्वतःच्या दारात किंमत मोजली होती.

पाण्याची ही गोष्ट आमच्या मोसम खोऱ्याला परकी नाही. आजी सांगायची, विहिरीवर ठरावीक माणसांनी पायरी उतरायची नाही. कुणी दया येऊन वरून ओतलं तर ओंजळ धरायची. धार किती उंचावरून सोडायची हेसुद्धा ओतणाऱ्याला ठाऊक असे. ओंजळ धरणाऱ्याची मान मात्र आपोआप खाली जाई. साखळदंड नव्हते, फटके नव्हते. एवढ्याशा त्या अंतरात सगळं भागत होतं.

आम्हा कांदेवाल्यांना जोतीरावांचं जवळचं पुस्तक म्हणजे ‘शेतकऱ्याचा असूड’. लिलावात भाव कोसळला, ट्रॅक्टर भरून आणलेला माल मातीमोल गेला, की ते आपल्याच वतीने लिहिलंय असं वाटतं. त्यात आपण नाडलेले असतो, आणि नाडलेल्याच्या जागेवरून जग पाहणं सोपं असतं. हौदापाशी ती सोय नाही. तिथे आपण मालक आहोत, पाणी आपलं आहे आणि दुसरा कुणीतरी तहानलेला आहे. एकाच माणसाने असूडही लिहिला आणि हौदही मोकळा केला. आपण मात्र त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

कांदा लागवडीच्या दिवसांत आमच्याकडे डोंगराकडच्या गावांतून मजुरांच्या टोळ्या येतात. बायामाणसं दिवसभर वाकून रोपं टोचतात. बहुतेक ठिकाणी सगळे एकाच माठातलं पाणी पितात, हे आवर्जून सांगायला हवं. पण एखाद्या मळ्यात अजून दिसतं : घरच्यांचे कप कपाटात, आणि मजुरांचे पडवीच्या वळचणीला खोचलेले. कुणी कुणाला काही बोलत नाही. चहा दोघांनाही एकाच पातेल्यातला मिळतो, म्हणून यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटत नाही.

अशा मळ्यातही 11 एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, फुल्यांच्या तसबिरीला हार पडतो. हाराला हरकत नाही. पण ते वेगळे कप एकाच कपाटात जाईपर्यंत, ‘गुलामगिरी’ हे अमेरिकेच्या नावाने लिहिलेलं पत्र आपल्याच पत्त्यावर येत राहणार.