चाळीस अंशांची दुलई

‘तीन ऋतूंची दुलई’ हे शब्द माझ्या कन्येच्या तोंडून प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. आपण ऋतू मोजतो ते उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनच. तेव्हा तीन ऋतूंची वस्तू म्हणजे बारमाही वस्तू, असा मी अर्थ केला. परंतु कन्या राहते अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात. आणि तिकडच्या हिशेबात ते तीन ऋतू म्हणजे वसंत, ग्रीष्म व शरद. ज्या ऋतूत दुलईवाचून जीव जायचा, नेमका तोच त्यांनी वगळलेला!

२०२४ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो असता, शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात झाडांना झोळ्या टांगून दोन रात्री काढण्याचा तिने बेत केला. झोळी म्हणजे तिकडचा हॅमॉक. तिच्यापाशी झोळ्या दोन होत्या, पण मजसाठी दुलई घ्यावयाची होती. आणि दुलई घेणे म्हणजे एक आकडा पसंत करणे. चाळीस, तीस, वीस, दहा, शून्य! हे फॅरनहाईटचे अंश. एवढी थंडी पडली तरी ही दुलई तुम्हांला तारून नेईल, असे तो आकडा सांगतो. चाळीस म्हणजे सेल्सिअसचे सुमारे साडेचार, वीस म्हणजे उणे सात. आकडा उतरत जातो तसतसे वजन व किंमत चढत जाते.

बरे, झोळीत एका दुलईने भागत नाही. एक वर पांघरायची आणि दुसरी झोळीच्या बाहेरून, पाठीला अलगद भिडेल अशी बांधायची. कारण ऊब पिसांत नसतेच. पिसांनी कोंडून धरलेल्या हवेत ती असते. अंगाखाली पिसे चेपली की हवा गेली, आणि हवा गेली की ऊब गेली. जमिनीवर निजणाराच्या पाठीखालून निदान वारा तरी वाहत नाही. हे सारे कन्या मला समजावून देत होती तेव्हा मी थोडा ओशाळलो. तिलाच तान्हेपणी जुन्या लुगड्याच्या झोळीत निजविताना, “खाली गोधडी घाल रे,” असे माझी आई बजावीत असे, आणि मी तो म्हातारपणीचा सोस समजत असे.

“बाबा, तुम्ही खालची वीसची घ्या आणि वरची तीसची,” कन्या म्हणाली. “दुलई जास्त झाली तर पाय बाहेर काढता येतो, कमी पडली तर काय करणार?” मी दोन्ही चाळीसच्या मागविल्या. पायथ्याच्या ल्युरे गावी रात्री शेहेचाळीस अंश असतील असे भाकीत होते. मग चाळीस पुरे नाही काय? दुलई करणाराने मागणीपत्रात एक प्रश्न घातला होता : ‘झोपेत तुम्हांला इतरांपेक्षा अधिक थंडी वाजते काय?’ त्यापुढे मी बेधडक ‘नाही’ लिहिले.

ल्युरे गाव सुमारे आठशे फुटांवर आणि आमच्या झोळ्या साडेतीन हजारांवर. चढताना हवा हजार फुटांमागे सुमारे साडेतीन अंशांनी निवते, हा सोपा हिशेब मी केलाच नव्हता. आणि त्या आकड्याचा अर्थ तरी मला कोठे ठाऊक होता! निजायच्या पिशव्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे; त्यात तापविलेल्या पुतळ्यावर पिशवी चढवून कसोटी घेतात. त्या प्रमाणातला पुरुष पंचवीस वर्षांचा, त्र्याहत्तर किलोंचा. आणि खालची मर्यादा म्हणजे हा तरणाबांड गडी अंग आखडून जेमतेम रात्र काढील ते तापमान. सुखाची झोप निराळ्या आकड्यावर लागते, आणि तो पंचवीस वर्षांच्या स्त्रीवरून काढतात. दुलयांना तर हे प्रमाण लागूच नाही. करणारा सांगेल तो आकडा. मी सत्तावन्न वर्षांचा. माझ्यासाठी कोणी पुतळा केलेला नाही.

पहाटे तीनच्या सुमारास प्रथम कंबर जागी झाली, मग पाठ आणि शेवटी मी. कन्येच्या चिमुकल्या तापमापकावर छत्तीस अंश होते. मुलांना आजवर वर्गात स्टोइक तत्त्ववेत्त्यांची थोरवी सांगत आलो. त्यांच्यापैकी एकही त्या घटकेला मदतीला धावला नाही. हाक मारावी तर ‘नाही’ हे उत्तर आडवे येत होते. मी कूस पालटली, मोजे चढविले, पुन्हा कूस पालटली. झोळीची दोरी करकरत राहिली.

“बाबा, उठा. माझ्या झोळीत जा.”

मी आढेवेढे घेतले. तिने ऐकले नाही. होते नव्हते ते कपडे अंगावर चढवून ती माझ्या झोळीत शिरणार होती. तिच्या दुलईत तिच्या अंगाची ऊब अजून होती. तिने मानेशी दुलई नीट खोचली आणि जाता जाता झोळीला हलकेच एक झोका दिला. तो सवयीने दिला की मुद्दाम, हे मी तिला अद्याप विचारलेले नाही.

घरी परतल्यावर पुढच्या वेळेसाठी म्हणून नवी मागणी केली : खाली वीस, वर तीस. वजनाचा फरक दुलईमागे फार तर पाव किलोचा! तोच प्रश्न पुन्हा समोर आला. कन्या शेजारी बसली होती. मी ‘होय’ लिहिले, आणि ती चहा टाकायला उठली.

चाळीसची वरची दुलई मी पुण्याला घेऊन आलो. इथल्या जानेवारीला ती चांगली पुरते. मात्र खाली गादी असावी लागते, आणि खिडकी लावलेली.