मांडीतली नाडी

न्हावऱ्याच्या तात्यांचा ग्रेट डेन खोकत होता. पोट फुगलेलं, उसाच्या बांधापर्यंत चालला की बसकण मारायचा. "डॉक्टर, जंत असतील, नाहीतर बिबट्याला भ्यालाय," तात्या म्हणाले. शिरूर तालुक्यात कुत्र्याचं काहीही बिनसलं की बिबट्याचं नाव निघतंच.

एका हाताने छातीला स्टेथोस्कोप लावला, दुसऱ्याने मांडीच्या आतली नाडी धरली. कानात मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, पत्र्यावर वळवाचा पाऊस पडावा तसे बेताल. बोटांखाली मात्र त्यातले कितीतरी पोहोचतच नव्हते. हृदय रक्ताने भरायच्या आतच आवळलं, की तो ठोका फुकट जातो. माझं निम्मं निदान तिथंच झालं. उरलेलं दौंडच्या दवाखान्यात: उजव्या कुशीवर झोपवून, क्लिपांना स्पिरिट लावून ईसीजी काढला. 'पी' लहरी गायब, ठोक्यांमधलं अंतर कसंही. एट्रियल फिब्रिलेशन. पुण्यात काढलेल्या इकोत हृदय ताणून ढिलं पडलेलं दिसलं. (ईसीजीवर कुत्र्यांचा हक्क जुनाच. लंडनच्या ऑगस्टस वॉलरने 1909 मध्ये रॉयल सोसायटीत आपल्या जिमी या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून तो दाखवला, तर पार्लमेंटात क्रूरतेचा प्रश्न निघाला.)

ठोका मागेपुढे म्हणजे आजारच, असंही नाही. निरोगी कुत्र्याचा ठोका श्वास घेताना वाढतो, सोडताना मंदावतो. दौंडच्या रेल्वे वसाहतीतला एक गावठी कुत्रा याच धास्तीने आणला होता, त्याला मी बिनऔषधाचा परत पाठवला. मांजरीचं वेगळं. दवाखान्यात दोनशे ठोके तिला नेहमीचेच, पण तोच हेलकावा तिच्यात ऐकू आला तर मी तपासणी वाढवतो.

तात्यांच्या मुलाने शॉक देऊन लय सुधारता येते, असं मोबाइलवर पाहिलं होतं. येते. पण भूल द्यावी लागते, आणि ताणलेल्या हृदयात बिघाड बहुधा परततो. म्हणून आम्ही लय तशीच सोडली आणि वेग आवरला. डिगॉक्सिन आणि डिल्टियाझेम, दोन्ही माणसांच्या मेडिकलमधून. अंगात साठलेलं पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड, हृदयाला जोर यायला पिमोबेंडन. दिवसभराची सरासरी 125 च्या खाली आणायची होती.

डिगॉक्सिनच्या गुणात आणि विषात अंतर थोडं. कण्हेरीचं विष याच जातीचं. उन्हाळ्यात डेनने भाकरी सोडली, ओकला. फोनवरच मी ती गोळी थांबवली, मूत्रपिंडाची रक्ततपासणी केली आणि मग कमी मात्रेने पुन्हा सुरू केली.

श्वास मोजायचं काम तात्यांकडे. झोपेत मिनिटाला 30 च्या वर गेले, तर मला फोन. ते रोज कॅलेंडरवर आकडा लिहीत. त्यांच्या आईलाही डिगॉक्सिनच चालू होतं. "म्हातारीच्या डब्यातली दिली तर?" तात्यांनी विचारलं. "अजिबात नाही," मी म्हटलं.

ओट्यावरून आजी म्हणाल्या, "माझे श्वास मोजायला कुणी बसलंय का रे?"