शनिवारची भाकरी

पहिल्या श्रावणी शनिवारीं आमच्या मेढ्याच्या घरीं, पडवीच्या पत्र्यावर, वानरांची टोळी उतरली. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या या जातीस संस्कृतांत ‘गोलांगूल’ म्हणतात. एका मादीच्या पोटाशीं काळसर पिलूं बिलगलें होतें. मारुतिरायाचें स्मरण झालें आणि आम्हीं पत्र्यावर भाकरी ठेविली. हा क्रम दर शनिवारीं चालला, आणि पुण्य पदरांत पडत असल्याचें समाधानही आम्हांस वाटूं लागलें.

यांचा संसार पाहण्यासारखा असतो. मादी बहुधा जन्मभर माहेरींच राहते. नर मात्र वयांत येतां येतां टोळींतून बाहेर पडतो. नवें पिलूं मावश्यांच्या हातोहात फिरतें. पोट तर निबर पानेंही पचविणारें! रानांत यांचें आमच्यावांचून कांहींच अडत नव्हतें.

भाद्रपदांत एका शनिवारीं आम्ही परगांवीं गेलों. भाकरी दिसेना, तेव्हां टोळी शेजारणीच्या परसांत उतरली आणि घेवड्याचा मांडव ओरबाडून गेली. आम्ही परतल्यावर ती माउली इतकेंच म्हणाली, “गुरुजी, पुण्य तुमचें आणि घेवडा माझा!” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

केळघरच्या घाटानें महाबळेश्वरास जाणारे प्रवासी माकडांपुढें खाऊ टाकतात, तेव्हां आम्ही नाक मुरडीत असूं. आमची भाकरी तरी निराळें काय करीत होती?

आफ्रिकेंत केनिया देशीं बबून नांवाचे मोठे वानर आहेत. गिलगिल येथें त्यांच्या टोळ्या शेतांत शिरूं लागल्या, तेव्हां शर्ली स्ट्रम या विदुषीनें १९८४ सालीं त्या टोळ्याच्या टोळ्या दूर लाइकिपियाच्या पठारावर नेऊन सोडविल्या. कुटुंबें फोडलीं नाहींत. तेथील कोरड्या रानांत काय खावें, हें ते वानर शिकले आणि तगले. आमचे वानर तर रान सोडून गेलेही नव्हते!

आम्हीं शेजारणीचा मांडव पुन्हां उभा करून दिला व भाकरी बंद केली. पुढचे दोन शनिवार टोळी येऊन पत्र्यावर बसली, खालीं पाहत राहिली. दार उघडण्याचा मोह आम्हीं मोठ्या कष्टानें आवरिला. तिसऱ्या शनिवारीं ती वरच्या झाडींतून परस्पर निघून गेली. तें पिलूं आतां राखी रंगावर आलें होतें, आणि उंबराचीं कोंवळीं पानें खात होतें.