दादा, नुसती भिंत बघू नकोस

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू

ती. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, "मुलींचं कॉलेज असलं की झालं, बाकी तू बघ." तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. फोनवर बोलायला गेले की आपले आवाज चढतात, आणि मला तुझ्याशी भांडायचं नाही. म्हणून सावकाश लिहिते आहे.

आधी हे सांगते, की मला फार आनंद झालाय. तुझी लेक मिरज सोडून माझ्याकडं राहणार, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करणार, आणि तू एका दमात हो म्हणालास. मला हो म्हणायला आबांनी दोन महिने लावले होते, तेही कॉलेज फक्त मुलींचं होतं म्हणून. मध्यस्थी तूच केली होतीस.

त्या कॉलेजनं मला काय दिलं, ते तुला कधी सांगितलं नाही. प्रॅक्टिकलला गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकला, तर "दे इकडं" म्हणून हातातून काढून घेणारं तिथं कुणी नव्हतं. स्क्रू आम्हीच काढायचो, आम्हीच बसवायचो. पुढं नोकरीत सगळ्या बैठकीत मी एकटीच बाई असायचे, तरी प्रश्न विचारताना कधी जीभ अडखळली नाही. ते बळ तिथलं. पण त्याच कॉलेजचं फाटक पाचला बंद व्हायचं. गावातल्या दुसऱ्या कॉलेजची मुलं रात्री नऊपर्यंत वाचनालयात बसायची आणि आम्हाला संदर्भाची पुस्तकं घरीही नेता यायची नाहीत. कारण एकच, मुलींची काळजी. ज्या भिंतीनं मला मोकळं केलं, तिनंच अडवलंही. म्हणून तू नुसती भिंत बघून निश्चिंत होतोस, तेव्हा मला स्वस्थ बसवत नाही.

आपल्याकडं ही वाट अण्णा कर्व्यांनी घातली. 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. शिक्षण मातृभाषेतून आणि अभ्यासक्रमही मुलींसाठी वेगळा, घर-संसाराच्या शास्त्राला जागा देणारा. त्या काळी मुलगी घराबाहेर पडावी म्हणून ते करावं लागलं असेल. पण त्यांच्याच हिंगण्याच्या संस्थेनं 1991 साली मुलींसाठी इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं. भिंत तीच राहिली, आत शिकवायचं ते बदललं. मी तेच बघायला सांगते आहे.

आणि या बेंगळुरूतच आपल्या एका मुलीनं काय सोसलं, तेही तुला माहीत हवं. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली आणि 1933 मध्ये इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिनं अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. ती हटली नाही, समोर जाऊन जाब विचारला. शेवटी घेतलं, पण अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं. तिनं ते वर्ष काढलं, 1936 मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती तिथून मिळवणारी पहिली भारतीय बाई. तीच पुढं कमला सोहोनी झाली. रामन यांनीही नंतर मुलींना दार उघडलं. मला या सगळ्यात तिचे वडील जास्त आठवतात. नारायणराव भागवत आणि तिचे काका, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. ते ज्या प्रयोगशाळेत उभे राहिले, तिथंच मुलीनंही उभं राहावं असं त्यांना वाटलं. दादा, तुझ्यात मला तो बाप दिसतो. म्हणूनच इतकं लिहिते आहे.

आता इथलं. माझ्या मनात तीन कॉलेजं आहेत. कोरमंगलाचं ज्योती निवास, 1966 पासूनचं, होसूर रोडवरच. जयनगरचं एनएमकेआरव्ही, 1973 चं. आणि शेषाद्री रोडचं महाराणी, सरकारी. कोर्स, फी आणि शिल्लक जागा मी प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारीन. पण काळजी कॉलेजच्या आत नाही, ती घर आणि कॉलेज यांच्यामध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघणारा, 2010 मध्ये झालेला दहा किलोमीटरचा उड्डाणमार्गसुद्धा आपल्याला सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकातच नेऊन सोडतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर यलो लाइन मेट्रो सुरू झाली आणि मला हायसं वाटलं. सुरुवातीला पंचवीस-पंचवीस मिनिटांनी गाडी यायची, तरीही. ज्योती निवाससाठी सिल्क बोर्डला उतरून पुढं बस. जयनगरसाठी आर. व्ही. रोडला ग्रीन लाइन. महाराणीला जायचं तर मॅजेस्टिकला आणखी एकदा गाडी बदलायची. बसचं मात्र लक्षात ठेव: इथं बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो. तिचं आधार मिरजेचं, म्हणजे पासाचे पैसे धरून चाल. शिवाय बाहेरच्या बोर्डाची म्हणून एलिजिबिलिटीचे कागद लागतील. मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी आत्ताच अर्ज करून ठेव.

मी तिला घेऊन तिन्हीकडं जाणार आहे. पण ऑफिसात फॉर्म घेऊन परत यायचं नाही. लॅबमध्ये एका टेबलावर किती मुली उभ्या राहतात, ते बघायचं. वाचनालय किती वाजता बंद होतं, ते शिपायाला विचारायचं, कारण माहितीपत्रकातली वेळ आणि कुलपाची वेळ एक नसते. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारायचं, की इथून पुढं एम.एस्सी.ला कोण कुठं गेलं. आणि हे सगळं मी नाही, तीच विचारणार. अठरा वर्षांची पोरगी आहे. उद्या हिला कुणी "मुलगी आहेस" म्हणून नाही म्हटलं, तर जाब विचारायची सवय आत्तापासून हवी.

एवढं बघून तिनं मुलींचंच कॉलेज निवडलं, तर माझ्याइतकं खूश कुणी नसेल. आणि तिला एखादं मुलामुलींचं बरं वाटलं, तर लगेच नाही म्हणू नकोस. मला एक फोन कर. आवाज चढला तर चढला.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं या. गाडी सकाळी पोचते, मी स्टेशनवर असेन. ऑटो करणार नाही, मेट्रोनंच घरी येऊ. ग्रीन लाइन कुठली, कुठं उतरायचं, यलोचा प्लॅटफॉर्म कुठला, हे मी सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस. आपण दोघं बॅगा घेऊन तिच्या मागनं चालू.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी